वॉटसनची जखम आणि जैमिनीचे प्रश्न : कथागत विसंगतीच्या वाचनाचा एक इतिहास

अफगाणिस्तानातील मैवंद येथे २७ जुलै १८८० रोजी ब्रिटिश सैन्याचा दारुण पराभव झाला. त्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणीही होत्या. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या कादंबरीनुसार, मुंबई बंदरात उतरून आघाडीकडे गेलेला लष्करी डॉक्टर जॉन वॉटसन याच लढाईत जखमी झाला. जेझाइल बंदुकीची गोळी त्याच्या खांद्यात शिरली आणि तिने हाडाचा चुरा केला. तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये हाच वॉटसन आपला दुखरा पाय कुरवाळत बसलेला दिसतो. हवा पालटली की पाय ठणकतो, कारण गोळी पायातून आरपार गेली होती. पुढे १८९२ मधील एका कथेत ती गोळी नुसतीच ‘एका अवयवात’ असल्याचे तो सांगतो. गोळीने जागा बदलल्याचा संशय एव्हाना लेखकालाही आला असावा, असे वाटण्याइतके हे मोघम आहे.

या एका गोळीवर शतकभर लिहिले गेले. जखमी सैनिकावर उपचार करण्यासाठी वॉटसन वाकला असताना एकच गोळी खांद्यातून शिरून पायात गेली, असे कुणी सुचवले. गोळ्या दोन होत्या आणि एका जखमेविषयी तो संकोचाने बोलत नव्हता, असे कुणी म्हटले. हा खटाटोप करणारी माणसे अडाणी नव्हती. त्यांत धर्मशास्त्रज्ञ होते, विद्यापीठीय अध्यापक होते, डॉक्टर आणि वकील होते. अशा प्रश्नांची आपल्याकडील समीक्षा सहसा दखल घेत नाही. ते भाबड्या वाचकाचे, कथा आणि वास्तव यांत गल्लत करणाऱ्याचे प्रश्न मानले जातात. वाचकलक्ष्यी समीक्षेनेही त्यांना बाहेरच ठेवले. वोल्फगांग ईझर ज्या ‘रिक्त जागां’विषयी बोलतात त्या संहितेने वाचकासाठी राखलेल्या असतात; त्या भरणे हा वाचनाचाच भाग असतो. वॉटसनची गोळी ही अशी राखलेली जागा नाही. ती चूक आहे. तिचा विचार करणारा वाचक संहितेच्या निमंत्रणावरून येत नाही. तो आगंतुक असतो. मात्र या आगंतुकाचा इतिहास तपासला, तर समीक्षेच्या आणि पाठचिकित्सेच्या काही प्रतिष्ठित पद्धतींशी त्याचे जवळचे नाते असल्याचे दिसते, आणि ते नाते त्या पद्धतींना अडचणीत आणणारे आहे.

होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत प्रसिद्ध झाल्या. एवढ्या विस्तारात विसंगती असणारच. पण येथे त्यांची रेलचेल आहे. ‘द रेड-हेडेड लीग’मध्ये एप्रिलच्या अखेरची जाहिरात दोन महिन्यांपूर्वीची म्हणून दाखवली जाते, तक्रारदार आठ आठवडे काम केल्याचे सांगतो, आणि संस्था बरखास्त झाल्याची पाटी मात्र ९ ऑक्टोबरची असते. जॉन वॉटसनला त्याची पत्नी एका कथेत ‘जेम्स’ म्हणून हाक मारते. ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये (१८९३) वॉटसनने प्रोफेसर मोरियार्टीचे नावही ऐकलेले नसते; त्याआधी घडलेल्या, परंतु १९१४-१५ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्ये ते त्याला चांगलेच ठाऊक असते. त्या प्रोफेसराचे नाव जेम्स आणि त्याच्या कर्नल भावाचे नावही जेम्सच. होम्स १८९१ च्या मे महिन्यात धबधब्यात पडून मेला असे जग समजत होते आणि तो १८९४ मध्ये लंडनला परतला. तरीही ‘विस्टेरिया लॉज’चे प्रकरण १८९२ च्या मार्चमध्ये घडल्याचे वॉटसन निःशंकपणे नोंदवतो.

यावर पहिला विचक्षण आक्षेप फार लवकर आला. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ मासिकातून क्रमशः येत असतानाच, जानेवारी १९०२ मध्ये, फ्रँक सिजविक यांनी ‘केंब्रिज रिव्ह्यू’त तिच्यातील तारखांच्या घोळाबद्दल एक अनावृत पत्र लिहिले. ते पत्र डॉयल यांना नव्हे, डॉ. वॉटसनला उद्देशून होते. पुढील साऱ्या परंपरेची दिशा या संबोधनातच ठरून गेली. चूक लेखकाची नाही, निवेदकाची आहे. आणि निवेदक हा माणूस असल्यामुळे त्याच्या चुकीला कारण असलेच पाहिजे.

परंपरेचा आद्यग्रंथ मानला जातो तो मात्र रॉनल्ड नॉक्स यांचा निबंध. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील एका मंडळापुढे १९११ मध्ये तो वाचला गेला आणि १९१२ मध्ये छापला गेला. नॉक्स धर्मोपदेशक होण्याच्या मार्गावर होते. पुढे १९१७ मध्ये ते कॅथलिक झाले आणि त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. होम्सकथा हे त्यांचे खरे लक्ष्य नव्हते. त्यांचा रोख होता बायबलच्या जर्मन ‘उच्चतर चिकित्से’वर. त्या चिकित्सेने, विशेषतः युलिउस वेलहाउझेन यांच्यानंतर, आर्ष ग्रंथांतील पुनरुक्ती आणि विरोध हे वेगवेगळ्या कर्त्यांचे पुरावे मानले होते. उत्पत्तीची दोन वर्णने आढळली की दोन स्रोत, देवाची दोन नावे आढळली की दोन हात. नॉक्स यांनी ही पद्धत जशीच्या तशी होम्सकथांना लावली. विचित्र नावांचे काल्पनिक जर्मन आणि फ्रेंच पंडित निर्माण केले, त्यांची आपसांत भांडणे लावली, आणि होम्सच्या पुनरागमनानंतरच्या कथा अस्सल नसून ‘दुय्यम वॉटसन’ची रचना आहेत, असा सिद्धान्त त्यांच्या तोंडी घातला. प्रमाणे निर्दोष होती, अनुमाने काटेकोर होती, निष्कर्ष हास्यास्पद होता. कारण येथे कर्ता एकच असल्याचे आणि तो हयात असल्याचे सर्वांना माहीत होते.

कर्त्याने उत्तरही दिले. जुलै १९१२ मध्ये नॉक्स यांना लिहिलेल्या पत्रात डॉयल यांनी अशा साहित्यावर कुणी इतके श्रम घ्यावेत याचे नवल व्यक्त केले. आपण या कथा सलगपणे नव्हे, तर तुटक आणि निष्काळजीपणे, मागचे पुन्हा न पाहता लिहिल्या, अशी मोकळी कबुलीही दिली. हे पत्र पाठचिकित्सेच्या इतिहासात मोलाचे ठरावे, आणि ते तसे ठरले नाही. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत संशोधकाला विसंगती दिसते आणि तिचे कारण अनुमानावे लागते; अनुमान पडताळून पाहण्याची सोय नसते. येथे तशी सोय आहे. विसंगती आहेत, त्यांवरून दोन कर्त्यांचे अनुमान तर्कशुद्ध रीतीने निघते, आणि ते चुकीचे आहे. खरे कारण घाई आणि विसर एवढेच आहे. नॉक्स यांचा विनोद याच ठिकाणी गंभीर होतो. अंतर्गत विरोध हा अनेककर्तृत्वाचा स्वतंत्र पुरावा असू शकत नाही, हे त्यांनी कोणत्याही खंडनग्रंथापेक्षा परिणामकारकपणे दाखवले.

ज्या पद्धतीची ही थट्टा होती, ती बायबलपुरती मर्यादित नव्हती. महाभारताच्या युरोपीय अभ्यासात तिने त्याच सुमारास मोठे स्थान मिळवले होते. धर्माच्या बाजूने लढणारे पांडव भीष्म, द्रोण, कर्ण आणि दुर्योधन या चौघांनाही कपटाने किंवा युद्धनियम मोडून मारतात, हा विरोध प्रत्येक वाचकाला बोचतो. अडोल्फ होल्ट्झमन (धाकटे) यांनी आपल्या चुलत्यांची कल्पना पुढे नेत १८९२ ते १८९५ या काळात चार खंडांत असे मांडले की मूळ काव्यात कौरव हेच नायक होते. नंतरच्या संस्करणात बाजू उलटवली गेली, पण जुन्या रंगाचे डाग राहून गेले. ‘दुय्यम वॉटसन’ आणि हे ‘उलटलेले महाभारत’ यांची तर्करचना एकच आहे. एक विनोद म्हणून लिहिले गेले आणि दुसरे नाही, हा फरक वाचकाच्या ध्यानात येतो तो ग्रंथाच्या जाडीवरून.

भारतीय परंपरेला या विसंगती दिसत नव्हत्या असे नाही. तिने त्यांचे समाधान वेगळ्या मार्गाने केले, इतकेच. मार्कंडेय पुराणाचा आरंभ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. व्यासशिष्य जैमिनी मार्कंडेयाकडे येतो आणि भारताची स्तुती केल्यावर चार शंका विचारतो. निर्गुण जनार्दनाने मनुष्यरूप का घेतले? द्रौपदी पाचांची पत्नी कशी झाली? बलरामाला ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त घेत तीर्थयात्रा का करावी लागली? आणि पांडवांसारखे रक्षणकर्ते असताना द्रौपदीचे पाच अविवाहित पुत्र अनाथासारखे का मारले गेले? प्रश्नकर्ता शत्रू नाही. तो व्यासाचा शिष्य आहे, ग्रंथाचा उत्कट वाचक आहे, आणि नेमके म्हणूनच त्याला या जागा सलतात. विशेष म्हणजे तो व्यासाकडे जात नाही. (सिजविक यांनी डॉयलना सोडून वॉटसनला पत्र लिहिले, त्याची येथे आठवण व्हावी.) मार्कंडेयालाही नित्यकर्मामुळे वेळ नसतो, तो जैमिनीला विंध्यातील चार ज्ञानी पक्ष्यांकडे पाठवतो.

पक्ष्यांची उत्तरे अशी आहेत. पापाचरणामुळे इंद्राचे तेज, बल आणि रूप वेळोवेळी गळून पडले. ते धर्म, वायू आणि अश्विनीकुमार यांच्यात गेले. त्यांपासून पाच पांडव जन्मले. म्हणजे पाच पांडव हा एकच इंद्र आणि अग्नीतून प्रकटलेली द्रौपदी ही त्याचीच शची. बहुपतित्वाचा प्रश्न सुटला, कारण पती एकच ठरला. द्रौपदीचे पुत्र हे विश्वामित्राचा शाप भोगणारे विश्वेदेव होते. ते अविवाहित मरणे हा शापाचाच भाग होता. बलरामाने मद्याच्या अमलात सूताचा वध केला होता. प्रत्येक उत्तर म्हणजे एक नवी कथा. मूळ संहितेतील एक अक्षरही वगळलेले नाही, बदललेले नाही. तिच्या पाठीमागे आणखी एक संहिता उभी केली आहे. मात्र या पद्धतीची किंमतही पुराणाने प्रामाणिकपणे चुकवली आहे. पक्षी बोलतात कसे, ही नवी शंका जैमिनीला लगेच येते, आणि तिच्या निरसनासाठी पक्ष्यांची जन्मकथा सांगावी लागते. कुरुक्षेत्राच्या रणात अंडी पडली, भगदत्ताच्या हत्तीची घंटा तुटून त्यांच्यावर झाकणासारखी बसली आणि ती वाचली. चार शंकांची उत्तरे देण्यापूर्वी पाचवीचे निरसन करण्यातच अध्याय खर्ची पडतात.

कुमारिलभट्टांची वाट आणखी निराळी. ‘तंत्रवार्तिका’त थोरांच्या आचाराचे प्रामाण्य तपासताना त्यांना हाच द्रौपदीविवाह आडवा येतो. ते एकामागून एक पर्याय मांडतात. ती वेदीतून जन्मलेली, साक्षात श्री. लक्ष्मी अनेकांकडे गेली तरी तिला दोष नाही. किंवा, एकसारख्या दिसणाऱ्या अनेक द्रौपदी होत्या आणि त्यांना उपचाराने एक म्हटले गेले. मीमांसकाच्या शिस्तीत हा अर्थापत्तीचा प्रयोग आहे, विनोदाचा लवलेशही त्यात नाही. सातव्या शतकात द्रौपदी अनेक झाली ती अशी. इलियडच्या टीकाकारांनीही हाच उपाय वापरलेला दिसतो. पाचव्या सर्गात मारला गेलेला पायलेमेनीझ राजा तेराव्या सर्गात मुलाच्या प्रेतामागून रडत जातो, तेव्हा कुणी त्या नावाचे दोन राजे मानले आणि कुणी शोकाच्या ओळी प्रक्षिप्त ठरवल्या. अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या पंचविसाव्या प्रकरणात अशा शंकांचा आणि त्यांच्या समाधानांचा स्वतंत्र विचार केला. काव्याच्या गाभ्याला लागणारी चूक आणि काव्याला आनुषंगिक असलेली चूक यांतील त्याचा भेद आजही उपयोगाचा आहे. गोळीची जागा अर्थातच दुसऱ्या प्रकारात मोडते.

या साऱ्या समाधानांना ओलांडून एक वेगळी भूमिका घेतली गेली ती पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. १९६६ मध्ये ते काम पुरे झाले. सुकथनकर बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे शिकलेले होते. जर्मन शिस्त त्यांच्या अंगी मुरली होती. तरीही संहिता सिद्ध करताना त्यांनी निकष मानला तो हस्तलिखितांच्या साक्षीचा, कथेच्या तर्काचा नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याचा प्रसंग मुख्य पाठातून परिशिष्टात गेला तो अविश्वसनीय म्हणून नव्हे, हस्तलिखितांचा आधार अपुरा म्हणून. याउलट आदिपर्वाला दोन आरंभ आहेत. लोमहर्षणपुत्र उग्रश्रवा नैमिषारण्यात पहिल्या अध्यायात येतो आणि चौथ्या अध्यायात, जणू पूर्वी आलाच नव्हता असा, पुन्हा येतो. तर्काला हे असह्य आहे. पण हस्तलिखिते दोन्ही आरंभांची साक्ष देतात. सुकथनकरांनी दोन्ही राहू दिले. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात हा निर्णय एखाद्या सिद्धान्तासारखा उभा आहे : संपादकाचे काम कथा सुसंगत करणे नव्हे. महाभारताच्या अर्थावरील, १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी थर पाडणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांचा जो उपरोधपूर्ण समाचार घेतला आहे, तो वाचताना नॉक्स यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

तिकडे नॉक्स यांचा विनोद त्यांच्या हातातून केव्हाच निसटला होता. एस. सी. रॉबर्ट्स यांनी १९२९ मध्ये त्यांना प्रत्युत्तर दिले, एच. डब्ल्यू. बेल यांनी १९३२ मध्ये साऱ्या प्रकरणांची कालगणना ग्रंथरूपाने मांडली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टोफर मॉर्ली यांच्या पुढाकाराने ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ ही मंडळी जमली आणि १९४६ पासून त्यांचे नियतकालिक निघू लागले. या खेळाचा नियम एकच, पण कडक : होम्स आणि वॉटसन ही खरी माणसे, कथा हे वॉटसनचे वृत्तान्त, आणि डॉयल हे त्याचे केवळ वाङ्मयीन मुखत्यार. डोरोथी सेयर्स यांनी १९४६ मधील आपल्या निबंधसंग्रहात बजावले की हा खेळ लॉर्ड्सवरील क्रिकेटच्या गांभीर्यानेच खेळला पाहिजे, थोडाही अतिरेक झाला तर त्याची गोडी जाते. त्यांचे स्वतःचे समाधान या शिस्तीचा नमुना आहे. वॉटसनच्या नावातील मधले अक्षर ‘एच’. ते ‘हेमिश’चे असावे. हेमिश हे ‘जेम्स’चे स्कॉटिश रूप, पत्नी लाडाने त्याचेच इंग्रजी करून ‘जेम्स’ म्हणते. संहितेबाहेरचे काहीही न आणता, संहितेतील एका निरुपयोगी अक्षराने संहितेतील चूक सांधली आहे. कर्त्याच्या मृत्यूची घोषणा पॅरिसमध्ये होण्याच्या कितीतरी आधी त्याला या मंडळींनी बिनबोभाट मुखत्यार करून टाकले होते, हे समीक्षेच्या इतिहासकारांनी नोंदवायला हरकत नाही.

शिस्त सुटली की काय होते याचेही उदाहरण आहे. ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) ही भालबा केळकरांसारख्यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकालाही परिचित असलेली कथा. तिच्यातील भारतीय साप शीळ ऐकून परततो, दोरीवरून चढतो-उतरतो आणि बशीतले दूध पितो. नागपंचमी पाळणाऱ्या वाचकाला यांपैकी शेवटची गोष्ट खटकत नाही. सर्पतज्ज्ञाला तिन्ही खटकतात, आणि अशा नावाचा साप भारतात नाही ही चौथी. रॅटलस्नेकवरील बृहद्ग्रंथाचे कर्ते लॉरेन्स क्लाउबर यांनी १९४८ मध्ये तोडगा काढला की हा प्राणी नाग आणि अमेरिकेतील गिला नावाचा विषारी सरडा यांचा संकर असावा. वॉटसनचा शब्द खरा ठरवण्यासाठी एका शास्त्रज्ञाने आपल्या शास्त्राचा बळी दिला. थट्टेत का होईना, हे कृत्य कुमारिलांच्या अनेक द्रौपदींच्या जातीचे आहे.

स्वतः डॉयल या बाबतीत चाहत्यांपेक्षा मोकळे होते. १९२४ च्या आत्मचरित्रात त्यांनी ‘सिल्व्हर ब्लेझ’मधील घोड्यांच्या शर्यतींविषयीचे आपले अज्ञान कबूल केले. ‘द प्रायरी स्कूल’मधील सायकलच्या खुणांबाबत मात्र पत्रे इतकी आली की ते स्वतः सायकल घेऊन बाहेर पडले. खुणांवरून दिशा कळत नाही हा आक्षेप सपाट जमिनीवर बरोबर ठरला. पण चढावर चाके अधिक खोल रुततात, असे त्यांना आढळले, आणि तेवढ्यावर त्यांनी होम्सची बाजू राखली. कर्ताही शेवटी समाधान शोधणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

मराठीत या वाचनाचे सर्वांत गंभीर रूप इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) आढळते. त्यांच्यासमोर भांडारकर संस्थेची संहिता होती. म्हणजे गैरसोयीचा भाग प्रक्षिप्त म्हणून टाकून देण्याची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती. विदुर हा शापित धर्म, युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र, दिराकडून नियोगाची रूढी, आणि मरतेवेळी विदुराने योगबळाने युधिष्ठिराच्या देहात केलेला प्रवेश, हे धागे संहितेत सुटे पडलेले आहेत. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा काय, ही शक्यता त्यांतून कर्वे उभी करतात. पद्धत सेयर्स यांचीच आहे. संहितेतील निरुपयोगी वाटणाऱ्या तपशिलाला कामाला लावण्याची. पण येथे खेळ नाही. हे उत्तर खरे मानले तर वारसाचा प्रश्न, कुंतीचे मौन आणि विदुराचे पांडवांविषयीचे प्रेम, सारेच वेगळे वाचावे लागते. पक्ष्यांनी जैमिनीला दिलेली उत्तरे शंका शमवणारी होती. कर्वे यांच्या उत्तराने शंका वाढतात, आणि त्या मूळ ग्रंथाच्या गाभ्याला भिडतात.

होम्सच्या बाबतीत एक शंका मात्र कुणालाही शोधावी लागली नव्हती. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये मिस मॉर्स्टन आणते त्या पत्रावर ७ जुलैचा शिक्का आहे आणि त्याच दिवशीची संध्याकाळ सप्टेंबरची आहे. कादंबरी मासिकात आल्याबरोबर, १८९० मध्येच, डॉयल यांनी संपादकांना कळवले होते की ही ढोबळ चूक पुस्तकात दुरुस्त व्हायला हवी. दुरुस्ती झाली नाही. बेरिंग-गूल्ड यांच्या १९६७ च्या सटीप आवृत्तीत हे प्रकरण १८ सप्टेंबर १८८८ रोजी सुरू होते, आणि पत्रावरील शिक्का अजूनही जुलैचाच आहे.